लग्नाचा बस्ता मुंबईत बांधायचा तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नांदेडहून तुम्ही, लेक आणि मावशी अशा तिघी लग्नाच्या खरेदीसाठी तीन दिवस मुंबईत येणार. शालू, पैठणी, मानपानाच्या साड्या, जावयाची शेरवानी, थोडं सोनं, खोटे दागिने, रुखवताची भांडी, पत्रिका. कुणी म्हणतं दादरला जा, कुणी हिंदमाता, कुणी भुलेश्वर, आणि एकानं छातीठोक सांगितलंय की मंगलदासमध्ये सगळं निम्म्या भावात मिळतं. मग नक्की जायचं कुठे?

मी नाटकांची आणि मालिकांची वेशभूषा करते, त्यामुळे या गल्ल्यांमधून माझं कायमचं येणंजाणं. नाटकात नायिकेला एक शालू लागतो आणि लग्नाच्या प्रवेशात मागे उभ्या राहणाऱ्या बायकांना वीस साड्या लागतात. तो शालू मी जिथून घेते तिथे त्या वीस साड्यांसाठी पाऊलही टाकत नाही, आणि उलटही नाही. मुंबईतल्या खरेदीचं सगळं गणित एवढ्यात येतं. जे संख्येनं, मीटरनं किंवा किलोनं घ्यायचं ते दक्षिणेकडच्या जुन्या बाजारात, म्हणजे क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास, काळबादेवी, भुलेश्वर या पट्ट्यात. जे एकच घ्यायचं, निवांत अंगावर टाकून बघायचं, रंगावरून मायलेकींनी भांडून ठरवायचं, ते दादर-माटुंग्याला. ठोक बाजारात एक साडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार फार वेळ देत नाही आणि भावही ठोकाचा लावत नाही. तिथे जाऊन एकच शालू घेतलात तर दादरइतकेच पैसे जातील, वर बसायला जागा मिळणार नाही. निम्म्या भावाची गोष्ट ज्यांनी सांगितली, त्यांनी बहुधा अख्खा ताका उचलला असेल.

आधी वार ठरवा. या बाबतीत बाहेरगावची माणसं हमखास फसतात. झवेरी बाजार, मंगलदास, मुळजी जेठा, क्रॉफर्डच्या आजूबाजूच्या ठोक गल्ल्या रविवारी बंद. दादरला उलट, रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि बरीच जुनी दुकानं सोमवारी बंद. दुकानं आठवड्याचे सातही दिवस उघडी ठेवायची मुभा २०१७ च्या राज्याच्या कायद्यानं दिलेली आहे, पण जुन्या पेठांनी आपला सुट्टीचा वार सोडलेला नाही. म्हणून शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस धरा. शनिवारी जुना बाजार, रविवारी दादर, सोमवारी पुन्हा जुना बाजार. रविवारी दादरला गर्दी असेल, ती सकाळी अकराच्या आत निम्मी खरेदी उरकून टाळायची. शिवाय शनिवारी पाहिलेलं कापड रविवारच्या साडीशी जुळतं का ते बघून सोमवारी घेता येतं. ही सोय फार मोठी आहे.

मुक्काम दादरला करा. लोकल दोन्ही बाजूंच्या, आणि ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीन आरे ते कफ परेड पूर्ण चालू झाल्यामुळे दादरहून गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी अशी थेट गाडी मिळते. पूर्वी काळबादेवीला जायचं म्हणजे मरीन लाइन्सला किंवा मस्जिदला उतरून गर्दीतून रेटत जायचं, नाहीतर टॅक्सीत बसून मीटर पळताना बघायचा. आता थंडगार डब्यातून पिशव्या घेऊन परत येता येतं. स्वतःची गाडी मात्र या भागात अजिबात आणू नका. हातगाड्या, टेम्पो आणि डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल यांच्या मधून ती पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही.

शनिवारी सुरुवात मंगलदास मार्केटपासून. क्रॉफर्ड मार्केटकडून जामा मशिदीच्या दिशेनं चालत पाचेक मिनिटं. छपराखालचा कापडबाजार आहे, आत गल्ल्याच गल्ल्या, दोन्ही बाजूंना गाद्या आणि भिंतीला लावलेले ताके. अकराच्या आधी जाऊन उपयोग नाही, तोवर झाडलोट चालू असते. भवानीच्या वेळी गेलात तर दुकानदार गिऱ्हाईक परत पाठवायला नाखूश असतो, त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही. पण नुसती चौकशी करून तेव्हा उठू नका. तो मनाला लावून घेतो, आणि मग चार वाजता परत गेलात तरी चेहरा विसरलेला नसतो.

इथे घ्यायचं काय? ब्रोकेड, रॉ सिल्क, चंदेरी, जॉर्जेट, नेट, अस्तराचं सुती कापड, परकर-पोलक्याचं कापड, करवल्यांच्या ड्रेसचे कपडे, मुंजीतल्या किंवा लग्नातल्या लहान मुलांच्या सोवळ्याचं, धोतराचं कापड. जे शिवायचंय ते सगळं. आधी सगळ्या गल्ल्यांतून एक फेरी मारा, हात न लावता. त्यातच समजतं की एकच ब्रोकेड सहा दुकानांत आहे, आणि मग भावाचा अंदाज आपोआप येतो. भाव विचारताना दोन गोष्टी एकदमच विचारायच्या: मीटरला किती, आणि पन्ना किती. पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, ती तुम्हाला ठाऊकच असेल, पण गडबडीत विचारायची राहते. चव्वेचाळीस इंची पन्ना धरून शिंप्यानं सांगितलेलं कापड छत्तीस इंची निघालं तर बाह्या बसत नाहीत. म्हणून नांदेडच्या तुमच्या शिंप्याकडून मापं आणि लागणारं कापड दोन्ही पन्न्यांसाठी लिहून आणा.

दुसरं म्हणजे उजेड. आतल्या दिव्यांत राणी रंग वेगळा दिसतो, बाहेर वेगळा. शंभरात नव्वद चुका रंगाच्या असतात, कापडाच्या नाहीत. दुकानदाराला ताक्याचं टोक घेऊन दरवाज्यापर्यंत यायला सांगा, ते नेहमीचंच आहे, कुणी रागावत नाही. अस्तराचं सुती कापड घरी नेल्यावर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आतलं आकसतं आणि वरचं ब्रोकेड फुगतं. रेशीम म्हणून जे घ्याल त्याच्या कडेचा एक धागा काढून जाळून बघा. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळून टणक गोळी होते. हे दुकानदाराला विचारून करायचं. जो धागा द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडचं रेशीम घ्यायचं नाही.

शेरवानी तयार घ्यायची की शिवायची, हे मंगलदासमध्येच ठरवा. सप्टेंबर २०२५ पासून तयार कपडा नगाला २,५०० रुपयांच्या वर गेला की त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कापडावर ५ टक्के. शेरवानी काही अडीच हजारांत येत नाही, तेव्हा फरक चांगलाच पडतो. नवरदेवाच्या गावी चांगला शिंपी असेल आणि हातात दोन महिने असतील तर कापड घ्या, शिवून घ्या. एक महिना असेल तर तयारच बरी. जावयाला एक फोन करून विचारा मात्र. सासूनं परस्पर आणलेली शेरवानी कपाटातच राहते.

मानपानाच्या साड्यांसाठी पुढे काळबादेवीच्या अंगाला मुळजी जेठा मार्केट आणि त्याच्या भोवतालच्या गल्ल्या. एकोणिसाव्या शतकापासूनचा ठोक कापडबाजार. इथे साड्या सेटनं विकतात, म्हणजे एकच नक्षी सहा किंवा आठ रंगांत, आणि सेट फोडून मिळत नाही. इतर वेळी हा त्रास, आहेरासाठी मात्र हेच हवं असतं. सगळ्या नणंदा-जावांना एकाच किमतीची, एकाच पोताची साडी, रंग तेवढे वेगळे. कुणाची भारी आणि कुणाची हलकी हा विषयच निघत नाही. तुमच्या यादीत चाळीस साड्या आहेत म्हणून मी इथे पाठवते आहे. दहाच असत्या तर दादर पूर्वेच्या हिंदमाताला जा म्हटलं असतं. हिंदमाता हा मधला बाजार: भाव दादर पश्चिमेपेक्षा उतरते, एकेक साडी मिळते, ड्रेसचे कपडे मुबलक. तिथे दुकानाबाहेर उभी राहून बोलावणारी मुलं फार, त्यांच्यामागे न जाता स्वतः दोन-चार दुकानं फिरून बघा. आणि पावसाळ्यात येणार असाल तर एक सूचना: पाणी तुंबण्यासाठी हिंदमाता वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

साड्या सेटनं घेतल्या की प्रत्येक साडी उघडून बघायचा हट्ट धरा. चाळीसात दोन-तीन साड्यांना डाग, तुटलेला काठ किंवा ब्लाउजपीस नसणं, असं निघतंच. ठोकात परत घेणं हा प्रकार नाही. दुकानदार म्हणेल, ताई, माल सीलबंद आहे. सीलबंद असला तरी उघडायचा.

आता पैठणी. तुमच्या प्रश्नात हिच्यावर सगळ्यात जास्त खर्च आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पैठणी मुंबईत घ्यायचीच कशाला? तुमची गाडी मनमाडवरून येते. मनमाडहून येवला मोटारीनं तासाभराच्या आत. येवल्यात विणकरांच्या घरी माग बघता येतो, पदर विणताना दिसतो, आणि हवा तो रंग सांगून साडी विणून घेता येते. पदरावर काम किती त्यावर काही आठवडे ते काही महिने लागतात. लग्नाला वेळ असेल तर मुंबईला येताना किंवा जाताना एक दिवस मनमाडला उतरा. दादरच्या दुकानात जी पैठणी असते तीही बहुतेक तिथूनच आलेली असते, मध्ये दुकानाचं भाडं आणि वातानुकूलन यांचे पैसे वाढतात इतकंच.

वेळ नसेल तर दादरला घ्या, रानडे रोड आणि न. चिं. केळकर रोड परिसरात चांगली जुनी दुकानं आहेत. पण तपासून घ्या. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. मोर, मुनिया, कमळ उलट्या बाजूनंही जवळजवळ तसेच दिसतात, मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात, कारण प्रत्येक रंगाचा धागा जिथल्या तिथेच फिरवून गुंतवलेला असतो. यंत्रमागावरच्या साडीत मागच्या बाजूला आडवे धागे पसरलेले दिसतील किंवा कातरलेली लव हाताला लागेल. किमतीत कित्येक पटींचा फरक असतो, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. रंगमंचावर मी सर्रास यंत्रमागावरची वापरते, प्रेक्षकाला पाचव्या रांगेतून काय कळणार. पण लेकीला आयुष्यभरासाठी द्यायची ती वस्तू वेगळी.

लेबलांचा अर्थही नीट माहीत करून घ्या. सिल्क मार्क हे लेबल केंद्रीय रेशीम मंडळानं उभ्या केलेल्या संस्थेचं आहे. ते एवढंच सांगतं की धागा शुद्ध रेशमाचा आहे. साडी हातमागाची आहे असं ते सांगत नाही. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा. दुकानदार सिल्क मार्क दाखवून 'बघा, अस्सल पैठणी' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो. जर कसली आहे तेही विचारा. अस्सल चांदीची जर आता क्वचित आणि फार महाग. बहुतेक साड्यांत तांब्यावर मुलामा दिलेली किंवा प्लास्टिकची असते. त्यात गैर काही नाही, फक्त पैसे त्या हिशेबानं द्यायचे. आणि बिलावर 'शुद्ध रेशीम, हातमाग पैठणी' असे शब्द लिहून मागा. तोंडी दिलेली ग्वाही आणि लिहून दिलेली ग्वाही यांत दुकानदाराचा हात किती अडखळतो ते बघण्यासारखं असतं.

शालू म्हणून हल्ली बऱ्याच मुली कांजीवरम मागतात. तुमच्या लेकीचं तसं असेल तर माटुंगा पूर्व गाठा, दादरच्या पुढचंच स्टेशन. तिथल्या दाक्षिणात्य वस्तीमुळे कांजीवरमची दुकानं आहेत, आणि ती साडी रोज विकणाऱ्या माणसाला ती समजावूनही सांगता येते. बाहेर आलात की मोगऱ्याच्या वेण्या मिळतील आणि उडुप्याच्या हॉटेलात कॉफी. तीन दिवसांत बसून श्वास घ्यायची जागा मला विचाराल तर तीच.

रविवारच्या दादरमध्ये बाकी बारीकसारीक सगळं उरकतं. मुंडावळ्या, बाशिंगं, अंतरपाट, हिरवा चुडा, ओटीचं सामान, नऊवारी शिवून देणारे, फेटे, उपरणी. फॉल-पिको त्याच दिवशी करून देणारेही सापडतात, पण रविवारी त्यांच्याकडे रांग असते, तेव्हा साडी घेतल्याबरोबर आधी ते काम टाका आणि मग पुढे फिरा. स्टेशनच्या पश्चिमेला केशवसुत पुलाखाली आणि आजूबाजूला फुलांचा बाजार पहाटेपासून भरतो. लग्न नांदेडला आहे म्हटल्यावर त्याचा तुम्हाला उपयोग नाही, पण सकाळी सहाला उठलात तर बघून या.

सोनं सोमवारी. झवेरी बाजार मुंबादेवीच्या देवळाच्या परिसरात, शेख मेमन स्ट्रीटवर. इथे एक समजून घ्या: सोन्याचा भाव नांदेडच्या सराफाकडे आणि इथे जवळपास तोच. फरक असतो तो घडणावळीत आणि निवडीला किती नग समोर येतात त्यात. म्हणून घासाघीस फक्त घडणावळीवर करायची. ती कुणी टक्क्यांत सांगतं, कुणी ग्रॅममागे, कुणी त्यात घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, धरतं. तीन दुकानांतून एकाच वजनाच्या, एकाच घडणीच्या दागिन्याची शेवटची रक्कम काढून घ्या आणि तीच ताडून बघा. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी येतो. खडे किंवा मोती असतील तर त्यांचं वजन वेगळं दाखवायला सांगा, सोन्याच्या भावात काच घेऊ नका.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरं-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असणं सक्तीचं आहे. बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो टाकला की शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. दुकानातच, पैसे देण्याआधी बघायचं. बावीस कॅरेटला ९१६ हा आकडा असतो, अठरा कॅरेटला ७५०. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना ही सक्ती नाही. त्यामुळे नाजूक नथीवर किंवा डोरल्याच्या वाट्यांवर तो नसला तर लगेच संशय घेऊ नका, पण बिलावर कॅरेट लिहून घ्या. कुंदन-पोलकीच्या दागिन्यांनाही सूट आहे, आणि नेमकी तिथेच भेसळ जास्त, म्हणून ते अनोळखी दुकानातून घेणं मी टाळते.

सासूबाईंचं जुनं सोनं मोडीत देणार असाल तर ते तुमच्या डोळ्यांसमोर तपासलं आणि वितळवलं गेलं पाहिजे. आधी नांदेडला वजन करून चिठ्ठी सोबत आणा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला दुकानदाराला कायद्यानं मनाई आहे, आणि तेवढ्या खरेदीला पॅन लागतं. कुणी 'बिल नको, तीन टक्के वाचवा' म्हणालं तर उठून या. उद्या दागिना कमी कॅरेटचा निघाला तर हातात दाखवायला काहीच नसेल. आणि ठुशी, वज्रटीक, कोल्हापुरी साज, मोहनमाळ असं मराठी घडणीचं हवं असेल तर झवेरी बाजारापेक्षा गिरगाव-दादरच्या मराठी सराफांकडे जास्त नमुने बघायला मिळतात. झवेरी बाजारात ठुशी मागितली की पुष्कळदा कॅटलॉग पुढे येतो.

झवेरी बाजारातून चालत भुलेश्वर. खोट्या दागिन्यांसाठी तिसरा भोईवाडा आणि त्याला लागून असलेल्या गल्ल्या. पुन्हा तोच नियम: डझनावारी घ्याल तर इथे. करवल्यांना सारखे सेट, हळदीकुंकवाला वाटायच्या बांगड्या, वाणाच्या वस्तू. नवरीचा एक चांगला मोत्यांचा सेट मात्र दादरला घ्या, कारण मोत्यांची ओवण आणि मागचा दोरा निवांत बघावा लागतो आणि भुलेश्वरात तेवढी मोकळी जागा मिळणं कठीण. घाम लागला की काळा पडणारा मुलामा ओळखायची सोपी खूण नाही. दुकानदाराला 'किती महिने टिकेल' हा प्रश्न सरळ विचारा. ठोक दुकानदार याचं उत्तर बऱ्यापैकी खरं देतो. त्याला परत गिऱ्हाईक हवं असतं.

भांडी पायधुणीच्या तांबाकाट्याला. तांब्या-पितळेची भांडी किलोच्या भावानं मिळतात, नक्षीकामाची असतील तर वर घडणावळ. समई, घंगाळ, कळशी, पराती. हाताला जड लागते म्हणून समई भरीव आहे असं समजू नका, काही समयांच्या बुडात वजनासाठी दुसरंच काहीतरी भरलेलं असतं. उलटी करून, ठोकून बघा. घरात फुटकं-तुटकं पितळ असेल तर मोड म्हणून घेतात, पण नांदेडहून ते वाहून आणण्यात अर्थ नाही. खरं सांगायचं तर रुखवतासाठी पाच-सहाच भांडी हवी असतील तर तीही तिकडेच घ्या. तांबाकाटा परवडतो तो पन्नास आहेराच्या वाट्या घेणाऱ्याला.

पत्रिकांसाठी गिरगावातली कांदेवाडी, म्हणजे खाडिलकर रोड. पत्रिका आणि पाकिटांची दुकानं ओळीनं आहेत. नमुना इथे पसंत करायचा, मजकूर छापण्याआधी शेवटचं प्रूफ मोबाइलवर मागवायचं, आणि ते घरातल्या सगळ्यात खवट माणसाकडून तपासून घ्यायचं. इतक्या लांबून 'चि. सौ. कां.' चुकलेल्या तीनशे पत्रिका परत पाठवता येत नाहीत. शक्य असेल तर शनिवारीच हे काम टाका.

सुकामेवा मस्जिद बंदर किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून घ्या, पाच किलोच्या वर लागणार असेल तरच. क्रॉफर्डची इमारत मात्र मान वर करून बघाच: १८६९ ची आहे, दर्शनी भागावरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवूड किपलिंग यांनी केलेली, समोरच्याच जे. जे. कला शाळेत ते शिकवत. आता पाटी महात्मा जोतिबा फुले मंडईची आहे, पण टॅक्सीवाल्याला क्रॉफर्ड सांगितल्याशिवाय समजत नाही. तिथून अब्दुल रहमान स्ट्रीटवर वेष्टनाचे कागद, पिशव्या, रुखवताची सजावट. लोहार चाळीत दिव्यांच्या माळा. वजन वाढलं की पाटीवाला करा. पैसे आधी ठरवा आणि त्याच्या मागेच चाला, पुढे नाही.

चोरबाजार, कुलाबा, लिंकिंग रोड यांच्याबद्दल विचारलं आहे. तुमच्या यादीतलं तिथे काही नाही. चोरबाजारात मी नाटकासाठी जुने टेलिफोन आणि कंदील शोधायला जाते. लग्नाच्या बस्त्याला त्याचा काय उपयोग! लेकीला कॉलेजातल्यासारखे टॉप आणि चपला हव्या असतील तर वांद्र्याला एक संध्याकाळ जाऊ दे तिला, मावशीबरोबर. तेवढ्यात तुम्ही खोलीवर पाय वर करून हिशेब लिहा. मॉलमध्ये मात्र जाऊ नका, तीच दुकानं आता संभाजीनगरलाही आहेत.

घासाघिशीचं एकच सांगते. फुटपाथवर निम्म्यापासून सुरुवात करा. गादीवरच्या ठोकवाल्याकडे निम्मं मागितलंत तर तो ताका गुंडाळून ठेवतो. त्याला 'एवढं घेते, शेवटचा भाव सांगा' असं एकदाच म्हणायचं, तो दहा-पंधरा टक्क्यांत जे उतरवायचं ते उतरवतो. 'भाव एकच' अशी पाटी असेल तिथे बहुतेक वेळा ती खरी असते. सगळ्या वस्तू एका दुकानात घेतल्यात तर भाव नाही, निदान पिशवी, फॉल किंवा दोन मीटर अस्तर वर मागा. ते मिळतं.

परतीला देवगिरीसारखी रात्रीची गाडी असेल तर सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत बाजारातून निघा. साडेपाचनंतर सीएसएमटीच्या दिशेची नव्हे, पण तिथून सुटणारी प्रत्येक लोकल भरलेली असते, आणि तुम्हाला खोलीवरचं सामान आणायला दादरला परत जायचं असेल. त्यापेक्षा गाडी दादरला थांबते का बघून तिथूनच बसा. स्लीपर आणि थ्री टियर वातानुकूलित डब्यात माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, टू टियरमध्ये ५०. तिघींचं मिळून साड्यांना आणि कापडाला ते पुरेल. भांडी घेतलीत तर पुरणार नाही. ती दुकानदारालाच ट्रान्सपोर्टनं नांदेडला पाठवायला सांगा, पावतीवर नगांची संख्या आणि वजन दोन्ही लिहून घ्या, आणि सोनं मात्र कुठल्याही पेटीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत.